मोठी की छोटी? मोठ्या बाबांची रिव्हॉल्वर आणि सातशे ग्रॅम तांदूळ

मागच्या भागात फोनच्या बॅटरीवर बोललो होतो, आणि तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: "भाऊ, तू गाव प्रतापगड सांगतोस, म्हणजे महाबळेश्वरजवळचं का?" नाही हो. आमचं प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आमच्याकडेही डोंगर आहे, किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेव आहे, दर्गा आहे आणि महाशिवरात्रीला एवढी मोठी जत्रा भरते की मोबाईलचं नेटवर्क हात टेकतं. पण अफझलखान आमच्याकडे आला नव्हता. तो साताऱ्याकडच्या प्रतापगडाला गेला होता. त्याची गोष्ट आज शेवटाकडे येणार आहे, कारण आजचा विषय आहे अंगावर लपवून बाळगायचं हत्यार. मोठं घ्यावं की छोटं?

हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, धानाचा व्यापार करतात. हंगामात रोकड फिरते. आता बरेच पैसे खात्यात जातात हे खरं, पण हमालांची मजुरी, गाडीभाडं, छोट्या शेतकऱ्याची उचल हे सगळं अजून रोखच. एका संध्याकाळी ते मोटरसायकलवरून साडेतीन लाख घेऊन येत होते. जंगलाच्या पट्ट्यात मागून दोन मोटरसायकली लागल्या. एक पुढे गेली आणि हळू झाली, दुसरी मागेच राहिली. तेवढ्यात समोरून एसटी आली, मोठ्या बाबांनी गाडी तिच्या आडवी घातली आणि ते दोघे पसार झाले. घरी आले तेव्हा त्यांच्या हातातला पाण्याचा गिलास हलत होता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मग अर्ज, पोलिसांची चौकशी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, असं सगळं होऊन बऱ्याच महिन्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातून लायसन्स आलं. आणि पुण्याला मला फोन. "बाबू, तू तं कंप्युटरवाला. पाय ना, मोठी घेऊ का लहान घेऊ? मले कंबरेले टोचलं नाई पायजे."

मी काय करणार? जे तुम्ही केलं असतं तेच. यूट्यूब उघडलं. तिथे अमेरिकेतले दाढीवाले लोक तासन्‌तास एकाच गोष्टीवर भांडतात: ग्लॉक १७ की ग्लॉक १९. पहिली मोठी, दुसरी थोडी लहान. लांबीत फरक किती, तर २०४ मिलिमीटर आणि १८७ मिलिमीटर. एकीच्या मॅगझिनमध्ये १७ गोळ्या, दुसरीच्या १५. मी दोन रात्री हे पाहिलं, एक्सेल शीटसुद्धा बनवली. तिसऱ्या रात्री कळलं की दोन्ही ९ मिलिमीटरच्या आहेत आणि आपल्याकडे ९ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर आहे. मोठ्या बाबांसारख्या माणसाला तो मिळतच नाही. शीट डिलीट.

आपल्याकडचा बाजार फार छोटा आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या. परदेशी पिस्तूल आयात करणं सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकातच बंद झालं, त्यामुळे जुन्या परदेशी पिस्तुलांना आज लाखांत भाव आहे. उरतं काय, तर मुख्यतः .३२ बोअर. त्यात सरकारी कारखान्यांची रिव्हॉल्वर आणि 'अशनी' नावाचं पिस्तूल. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' आणली, महिलांसाठी म्हणून, वजन साधारण ५०० ग्रॅम, किंमत तेव्हाच १ लाख २२ हजारांच्या घरात. कितीजणींना परवडणार होती कोण जाणे. मग २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने 'प्रबळ' काढली: ७०० ग्रॅम, ७६ मिलिमीटरची नळी, आणि गोळ्या भरायचं चक्र बाजूला उघडतं. म्हणजे आपल्यासाठी 'मोठी की छोटी' या प्रश्नाचा अर्थ झाला ७०० ग्रॅम की ५०० ग्रॅम.

आणि आता एक गोष्ट, जी मला फार गमतीची वाटली. अमेरिकेत लपवून बाळगणं हा कित्येक ठिकाणी वेगळ्या परवान्याचा विषय असतो. आपल्याकडे उलटं आहे. २०१६ चे नियम म्हणतात की सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये किंवा तसल्याच पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि तिच्यावर तुमचा ताबा हवा. लग्नाच्या वरातीत कंबरेची दाखवत फिरणारे काका आठवले ना? ते नियम मोडत असतात. हवेत उडवणारे तर विचारूच नका.

तर झाकणं सक्तीचं. मग मोठी आणि छोटी यांत खरा फरक कुठे पडतो? वाचताना वाटतं की लांब नळी लपवायला अवघड. तसं नाही. नळी पँटच्या आत खाली जाते, तिचा त्रास कमी. शर्टातून बाहेर डोकावते ती मूठ. माणूस वाकला की मुठीचा कोपरा कापडाला वर उचलतो. रिव्हॉल्वरचं आणखी एक दुखणं म्हणजे ते मधलं जाड चक्र, जे बरगडीखाली रुततं. पिस्तूल चपटं असतं, ते त्या बाबतीत बरं. आता हे आमच्या भागात आणून बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. जाकीट कोण घालणार? अंगात पांढरा सुती शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. आणि मोठे बाबा दिवसभर गादीवर मांडी घालून बसतात. त्या अमेरिकन दाढीवाल्यांपैकी एकानेही मांडी घालून बसून दाखवलं नव्हतं.

मोठीच्या बाजूने बोलायचं तर दोन गोष्टी. जड हत्यार तीच गोळी उडवताना हाताला धक्का कमी देतं, कारण धक्का वजनात जिरतो. आणि नळी लांब असेल तर पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर जास्त राहतं, म्हणून नेम धरताना झालेली चूक डोळ्याला लवकर दिसते. प्रशिक्षणाच्या वेळी मोठ्या बाबांनी हे स्वतः अनुभवलं. लांब नळीने कागदावर गोळ्या एकत्र पडल्या, आखूड नळीने दोन तर कागदालाच लागल्या नाहीत. ते साठीचे आहेत, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

वाचून काही ठरेना. मग मी दिवाळीत गावी गेलो तेव्हा इंजिनिअरिंगचा एकमेव खरा उपयोग केला: टेस्टिंग. त्यांच्याच काट्यावर सातशे ग्रॅम तांदूळ मोजला, जाड कापडाच्या पिशवीत शिवून घेतला. दुसऱ्या पिशवीत पाचशे ग्रॅम. गोळ्यांचं वजन म्हणून मूठभर वर. मोठ्या आईने विचारलं, "काहून जी, नैवेद्य आहे का?" मी म्हटलं, नाही, रिव्हॉल्वर आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली.

नियम एकच: झोपेतून उठल्यापासून निजेपर्यंत पिशवी कंबरेला. तीन दिवस मोठी, तीन दिवस छोटी.

मोठी पिशवी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. मग ती गादीवर, गल्ल्याच्या शेजारी आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्ल्याशेजारी. तिसऱ्या दिवशी मोटरसायकलच्या डिक्कीत होती आणि मोटरसायकल दुसराच कुणीतरी घेऊन गेला होता. "जड होते बाबू," एवढंच त्यांचं म्हणणं. मी शीटवर लिहिलं: मोठी नापास.

छोटी मात्र छान चालली. पहिला दिवस पूर्ण, दुसरा दिवस पूर्ण. मी खूश. पाचशे ग्रॅम, निकाल लागला, असं मी मनात ठरवूनही टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा आंघोळीला गेले, पिशवी न्हाणीच्या खिडकीत ठेवली आणि विसरले. हलकी होती ना, कंबरेला नाही हे जाणवलंच नाही. दहा वाजता अंगणात आवाज आला. त्यांची नात, वय वर्षं पाच, कोंबड्यांना बोलावत होती. पिशवीची शिवण दातांनी उसवलेली आणि तांदूळ अंगणभर. "आजोबाचा खाऊ होता," ती म्हणाली, "मी कोंबड्यांले देल्ला."

सगळे हसले. मोठ्या आईने तिला उचलून घेतलं. मग मी मोठ्या बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. ते खाली बसले आणि तांदळाचे दाणे एकेक करून गोळा करायला लागले, कोंबड्यांमधून हात घालून. मला वाटतं पाच मिनिटं तरी ते तसेच बसून होते. नंतर त्या दिवशी रिव्हॉल्वरचा विषय कुणी काढला नाही.

आता अफझलखानाकडे येतो. २०२५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, ठेवली होती. त्याआधी २०२४ च्या जुलैपासून ती साताऱ्याला होती. मी आणि मोठे बाबा मिळून बघायला गेलो. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: ही ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहालयात आली, पण हीच ती १० नोव्हेंबर १६५९ ची वाघनखं हे सिद्ध करता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं. ते काही असो. काचेपलीकडे ती एवढीशी दिसली. मुठीत मावणारी.

मोठे बाबा बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "पाय, राजानं लहानच घेतलं." मी आधी 'हो' म्हणालो. परतीच्या गाडीत मात्र डोक्यात घोळत राहिलं, की हे अर्धंच आहे. सभासद बखर सांगते की हातात होतं ते बिचवा आणि वाघनख. म्हणजे छोटं हत्यार होतं ते मिठीच्या अंतरासाठी. भेट कुठे, कधी, किती माणसांसह हे आधी ठरलेलं होतं. महाराजांना माहीत होतं की समोरचा किती जवळ येणार आहे. आणि सय्यद बंडा तलवार घेऊन धावला तेव्हा वाघनखांचा काही उपयोग नव्हता, तिथे जिवा महाला लागला, पूर्ण लांबीच्या हत्यारासह. होता जिवा म्हणून वाचला शिवा, हे आपण शाळेपासून म्हणतो, पण त्यातला 'जिवा' विसरतो.

जंगलाच्या रस्त्यावरचं गणित वेगळं आहे. दोन्ही हात हँडलवर, मागची मोटरसायकल दिसत नाही, अंतर आणि वेळ दुसरा ठरवतो. मी मोठ्या बाबांना विचारलं, त्या संध्याकाळी कंबरेला असती तर तुम्ही काय केलं असतं? ते खूप वेळ विचार करून म्हणाले, "गाडी पडली असती माही." हे उत्तर कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं.

शेवटी त्यांनी घेतली ती सातशे ग्रॅमची. होय, टेस्टमध्ये नापास झालेली. मी वाद घातला, त्यांनी ऐकलं नाही, आणि आता मला वाटतं त्यांचंच बरोबर होतं. त्यांचं म्हणणं असं की जी बोचते ती लक्षात राहते. घरी भिंतीत बोल्टने बसवलेली लोखंडी पेटी आहे, किल्ली त्यांच्या जानव्याला. रोज कंबरेला लावत नाहीत. रोकडीचे दिवस हंगामात आठवड्याला दोन, तेवढेच. त्या दिवशी मोटरसायकल नाही, चारचाकी, आणि सोबत मिलमधला एक तगडा माणूस. त्याचं नाव काही जिवा नाही, पण आम्ही आता त्याला जिवाभाऊच म्हणतो. तो वैतागतो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा प्रश्न असेल तर एक सांगतो, तांदळाची टेस्ट करा. आठवडाभर करा, तीन दिवसांत खरं कळत नाही. आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला आधी काही सांगू नका, पिशवी त्याला सापडते का ते बघा. हे ऐकून दुकानदार हसेल, आमचाही हसला होता. त्याला विकायची असते.

२०२४ मध्ये लोकसभेच्या वेळी शस्त्र जमा करायच्या यादीत मोठ्या बाबांचं नाव आलं. ठाण्यात जमा केली, पावती घेतली. निकालानंतर आणली. विधानसभेला पुन्हा जमा. निकाल लागून महिना झाला तेव्हा मी फोनवर विचारलं, आणली का?

"जाईन ना," म्हणाले, "धान संपू दे. आता जत्रेचे दिवस येतेत, डोंगरावर तं नेता येत नाई." मग थोडं थांबून, "कंबर हलकी वाटून रायली बाबू."

महाशिवरात्रीला मी गावी गेलो होतो. पायऱ्या चढताना त्यांनी वाकून नातीच्या चपला काढल्या, शर्ट वर सरकला. पाठीवर फक्त घाम होता. ठाण्याची पावती अजून त्यांच्या पाकिटात आहे, नातीच्या फोटोच्या मागे.