बेघरांना चित्रपट व्यवसायात रोजगार मिळेल काय?

(संस्थेच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल, ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही त्याच्यापुढे सिनेमाच्या गोष्टी करणे ही थट्टा आहे. तसे नाही. चित्रपट म्हणजे पडद्यावरचे चार चेहरे नव्हेत. सुतार, रंगारी, शिंपी, वायरमन, आचारी, हमाल, ड्रायव्हर अशा शेकडो हातांवर चालणारा तो कारखाना आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजार माणसे बेघर नोंदली गेली. त्यांतले अनेक जण मुंबईसारख्या शहरात कामासाठीच आलेले असतात. पदपथावर राहणारा माणूस कामाच्या जवळ राहावे म्हणून तिथे राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात मान्य केले. तेव्हा या कारखान्यात त्याला शिरकाव का मिळू नये, हा प्रश्न रास्त आहे.

आपल्या सिनेमाचा आरंभच पाहा. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण त्यांनी निवडला. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या. एवढे अनेकांना ठाऊक असते. पण पुढे हाच साळुंके कॅमेरामन झाला, हे फारसे कुणी सांगत नाही. आम्हांला ते अधिक महत्त्वाचे वाटते. चेहऱ्याची मागणी संपते. हातातले कसब राहते.

आता अलीकडचे उदाहरण घ्या. मीरा नायर यांनी 1988 साली 'सलाम बॉम्बे' काढला. त्यात रस्त्यावरची मुले घेतली, त्यांची कार्यशाळा भरवली, बॅरी जॉन यांच्याकडून शिकवले. चित्रपट कान महोत्सवात गाजला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. मुख्य भूमिका करणाऱ्या शफीक सय्यदला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि नंतर? कामे मिळेनात. तो बंगळूरला परतला आणि रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवणे कमीपणाचे नाही, मुळीच नाही! पण राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या मुलाला त्याच व्यवसायात पाय रोवता आला नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

याच चित्रपटाच्या निमित्ताने 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला. त्याच्या दिल्लीच्या आश्रयात विकी रॉय नावाचा, घरातून पळून आलेला आणि रेल्वे स्टेशनवर कचरा वेचलेला मुलगा वाढला. त्याला कुणी भूमिका दिली नाही. त्याला छप्पर मिळाले, शाळा मिळाली, पुढे एका छायाचित्रकाराच्या हाताखाली उमेदवारी मिळाली, आणि कॅमेऱ्यासाठी ट्रस्टकडून कर्ज मिळाले. 2007 साली त्याचे पहिले प्रदर्शन भरले. आज तो नावाजलेला छायाचित्रकार आहे. ही दोन आयुष्ये शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी विचार करावा. 'स्लमडॉग मिलेनियर'ला ऑस्कर मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत, मे 2009 मध्ये, त्यातल्या दोन बालकलाकारांच्या वांद्र्यातील झोपड्या पाडल्या गेल्या, हेही त्यांनी विसरू नये.

म्हणून आमचे मत असे की, बेघर तरुणाला ऑडिशनच्या रांगेत उभे करण्याची घाई करू नये. आधी सेटिंगवाल्यांकडे पाहावे. सेट उभारणारे सुतार, पेंटर, मोल्डर, लाइटमन, स्पॉटदादा, ड्रेसदादा, जनरेटरवाले यांची कामे हाताखाली राहून शिकता येतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बहुतेक अभ्यासक्रमांना पदवी लागते. इथे दाखला कुणी विचारत नाही. ज्युनिअर आर्टिस्टचे गर्दीतले कामही आहे, पण ते बोलावणे आले तरच. त्यात पुन्हा माणसे पुरवणारा मध्ये असतो आणि मजुरीतून आपला वाटा कापतो. 'आधी पैसे भर, मग काम देतो' असे म्हणणाऱ्यापासून तर दहा हात दूर राहिलेले बरे.

अडचण कसबाच्या अगोदर येते. मुंबईत स्थिर काम हवे तर संघटनेचे कार्ड हवे. कार्डासाठी फी, ओळखपत्र, पत्ता, बँक खाते. ज्याला घर नाही त्याने पत्ता कुठून आणावा? मार्च 2020 मध्ये करोनामुळे चित्रीकरण थांबले, तेव्हा शिधा आणि पैशांची मदत वाटली गेली ती मुख्यतः संघटनांच्या यादीवरून. यादीत नसलेला त्या मदतीतून सुटला. मजुरी उशिरा मिळण्याचे दुखणे वेगळेच. ऑक्टोबर 2008 मध्ये थकलेल्या मजुरीसह अनेक मागण्यांसाठी सिने कामगारांनी संप केला होता. घर असलेला उसनवारीवर महिना काढतो. फुटपाथवरच्याला संध्याकाळीच पैसे लागतात, म्हणून तो नाक्यावरचे काम सोडू धजत नाही. आणि शिफ्ट मध्यरात्री सुटली की झोपायला जायचे कुठे?

यातले काही आपल्या हातात आहे. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दाखला दिला तर त्यावर आधार मिळू शकते. मतदार यादीसाठी बेघराने सांगितलेल्या जागी निवडणूक कर्मचारी रात्री जाऊन खात्री करतो. कागदी पुरावा मागत नाही. हे बहुतेकांना माहीत नसते. शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले. निवारे चोवीस तास उघडे असावेत, हे केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेतही होते. रात्रपाळीच्या कामगाराला दार बंद दिसले, तर महापालिकेत अर्ज घेऊन जाणारा कुणीतरी हवा. आपले लिहिते-वाचते विद्यार्थी ते काम करू शकतील. शिवाय 1981 च्या सिने कामगार कायद्याने लेखी कराराशिवाय काम देण्यास मनाई केली होती. ती तरतूद आता 2020 च्या कामगार संहितेत आली आहे. नव्याने कामाला लागणाऱ्याला करार वाचून दाखवणे, ही साधी सेवा आहे.

आपल्या सभासदांत सुतार आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, शिवणकाम जाणणाऱ्या भगिनी आहेत. त्यांनी प्रत्येकी एका बेघर मुलाला सहा महिने हाताखाली घ्यावे, आणि तेवढे दिवस त्याच्या रोजच्या जेवणाचा खर्च संस्थेने उचलावा, असा ठराव आम्ही आजच्या सभेपुढे मांडत आहोत. कार्डाची फी बिनव्याजी देऊन ती हप्त्यांनी परत घेण्याचा मुद्दा कोषाध्यक्षांनी पुढच्या बैठकीत घ्यावा, ही विनंती.