जहाजाच्या पोटातले पाणी
(गव्हाण येथील भाषणातून)

१९८४ साली या पट्ट्यातील शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी गोळ्यांना सामोरे गेले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जहाजे मालाबरोबर, तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेले परमुलखाचे पाणीही आणतात. त्यातूनच युरोपातील काटेरी शेपटीची पाणपिसू अमेरिकेच्या महासरोवरांत शिरली. १९८२ साली ऑन्टारिओत सापडली, १९८७ पर्यंत पाचही सरोवरांत पसरली. लहान माशांचे सूक्ष्म खाद्य तीच फस्त करते. ती सरोवरे गोडी, इथली खाडी खारी. चोरवाट मात्र एकच. कॅरिबियनकडचा शिंपला मुंबईच्या गोदीत केव्हाच ठाण मांडून बसला आहे. या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, अमलात आला २०१७ साली. तेरा वर्षे! खाडीच्या पाण्याची तपासणी कोण करतो, तीत काय आढळते, हे बंदराने कोळी बांधवांना मराठीत सांगितले पाहिजे.