नोकरी जाते, करकपात चालूच राहते

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरी जाण्याच्या प्रश्नावर आपण बोलू लागलो की संप, टाळेबंदी, नुकसानभरपाई, फेरनियुक्ती हे शब्द आपोआप ओठांवर येतात. प्राप्तिकर हा शब्द येत नाही. प्राप्तिकर हा धनिकांचा विषय, अशी आपल्या चळवळीची जुनी समजूत आहे आणि काही अंशी ती खरीही आहे. परंतु ज्या पगारदाराला कामावरून कमी केल्याची नोटीस मिळते, त्याच्या त्याच महिन्याच्या पगारातून कर कापला जातो, आणि तो अशा उत्पन्नाच्या हिशेबाने कापला जातो की जे त्याला यापुढे मिळणारच नाही. या अन्यायाकडे आपले लक्ष गेलेले नाही. म्हणून आज तेवढ्याच मुद्द्याविषयी बोलणार आहे.

प्रथम ही कपात कशी होते ते पाहू. पगारातून कर कापण्याची तरतूद आपल्याकडे १९२२च्या प्राप्तिकर कायद्यातही होती. १९६१च्या कायद्यात ती कलम १९२ मध्ये आली. १ एप्रिल २०२६पासून अमलात यावयाच्या २०२५च्या कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व मात्र तेच ठेवले. तत्त्व असे की, वर्षाच्या आरंभी मालकाने नोकराच्या संपूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज बांधावयाचा, त्यावरील कर काढावयाचा आणि तो बारा महिन्यांत विभागून दरमहा कापावयाचा. नोकरी बारा महिने टिकेल, हे या पद्धतीचे गृहीत आहे. आज किती कारखान्यांत आणि किती कंपन्यांत हे गृहीत खरे मानता येईल?

एक उदाहरण घेऊ. २०२५-२६ या वर्षी एका कर्मचाऱ्याचा पगार दरमहा १,२५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १५ लाख होता असे समजा. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन १४,२५,००० उरतात. त्यांवरील कर ९३,७५० रुपये, चार टक्के उपकर धरून ९७,५०० रुपये. म्हणजे दरमहा ८,१२५ रुपये कापले जाणार. आता सप्टेंबरअखेर त्याची नोकरी गेली आणि वर्षाचे उरलेले सहा महिने तो बेकार राहिला, असे धरा. त्याचे वर्षाचे उत्पन्न साडेसात लाखच झाले. त्या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण सूट असल्याने त्याचा देय कर शून्य! आणि सहा महिन्यांत कापले गेले किती? ४८,७५० रुपये. ही सारी रक्कम त्याची स्वतःची आहे. सरकारचा तिच्यावर एका पैशाचाही हक्क नाही. तथापि ती परत मिळवण्यासाठी त्याने आर्थिक वर्ष संपण्याची वाट पाहावयाची, मालकाकडून करकपातीचा वार्षिक दाखला येण्याची वाट पाहावयाची, विवरणपत्र भरावयाचे आणि मग परताव्याची वाट पाहावयाची. ज्या काळात घराचा हप्ता आणि मुलांची फी भागवणे अशक्य होते, नेमक्या त्याच काळात बेकार माणूस सरकारला कर्ज देत असतो. त्या कर्जावर व्याज सुरू होते ते वर्ष उलटल्यावर, पुढच्या १ एप्रिलपासून. दर महिन्याला अर्धा टक्का. उलट करदात्याने आगाऊ कर भरण्यात कसूर केली, तर त्याच्याकडून महिन्याला एक टक्का घेतात. घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे.

आता याच्या शेजारी व्यापाऱ्याला आणि कारखानदाराला उभे करा. त्यालाही आगाऊ कर भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सर्व, अशी त्याची वाटणी आहे. परंतु हा अंदाज तो स्वतः बांधतो. सप्टेंबरमध्ये धंदा बसला तर डिसेंबरचा हप्ता तो कमी भरतो किंवा भरतच नाही. त्यासाठी त्याला कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही. म्हणजे भांडवलावर जगणाऱ्याचा अंदाज त्याच्या हाती, आणि श्रमावर जगणाऱ्याचा अंदाज दुसऱ्याच्या हाती. करांच्या दराइतकीच ही विषमता महत्त्वाची आहे. पण ती दरपत्रकात दिसत नसल्याने तिच्यावर चर्चा होत नाही.

कायदा यावर काहीच सांगत नाही असे मात्र नाही. त्याच कलम १९२ मध्ये म्हटले होते की, आधीची कपात जास्त वा कमी झाली असल्यास त्याच वर्षात पुढील कपात करताना मालक ती कमी-अधिक करू शकेल. सारी मेख या 'करू शकेल'मध्ये आहे. मालकाने तसे केलेच पाहिजे, असे बंधन नाही. शिवाय त्याचा स्वार्थ उलट दिशेला आहे. कर कमी कापला तर मालकाला महिन्याला एक टक्का व्याज, कापून वेळेवर भरला नाही तर दीड टक्का. जास्त कापला तर त्याला काहीही सोसावे लागत नाही. अशा परिस्थितीत हिशेबनीस कोणत्या बाजूला चूक करील, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही.

इतर देशांत, आणि तेही समाजवादी नव्हेत, याचा विचार झालेला आहे. ब्रिटनमध्ये १९४४पासून पगारातून कर कापण्याची जी पद्धत आहे, ती सर्वसाधारणपणे संचयी आहे. प्रत्येक पगाराच्या वेळी वर्षारंभापासूनचे उत्पन्न आणि तोवरची करमुक्त मर्यादा यांचा मेळ घातला जातो. नोकरी सुटताना कामगाराच्या हाती तोवरच्या पगाराचा व कराचा दाखला दिला जातो. नवी नोकरी लागली तर जास्त कापलेला कर तिथल्या पगारातून परत मिळतो. चार आठवडे बेकार राहिलेला आणि करपात्र भत्ता न घेणारा माणूस वर्ष संपण्यापूर्वीच परतावा मागू शकतो. अमेरिकेत पगारातून सरसकट कपात १९४३च्या कायद्याने आली. तेथे नोकर वर्षात केव्हाही नवा अर्ज देऊन आपली कपात बदलून घेऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत तो अर्ज अमलात आणणे मालकाला भाग असते. वर्षात २४५ दिवसांहून अधिक काम मिळणार नाही अशी अपेक्षा असेल, तर मालकाच्या संमतीने अंशकालीन वर्षाच्या पद्धतीने कपात करण्याची सोयही तेथे आहे.

काही साथी म्हणतील, सव्वा लाख पगार घेणाऱ्याची चिंता आपण का वाहावी? असंघटित कामगाराच्या पगारातून तर कर कापलाच जात नाही. हा आक्षेप गंभीर आहे. पण दोन गोष्टी ध्यानी घ्या. एक, अल्प पगाराच्या कंत्राटी कामगारालाही ही कात्री लागते. पाच वर्षे पुरी होण्याआधी भविष्यनिर्वाह निधी काढला आणि रक्कम ५०,००० किंवा अधिक असली, तर दहा टक्के कर कापला जातो. वस्तुतः मालकाने धंदा आवरल्यामुळे किंवा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल, तर त्या रकमेला करातून मोकळीक आहे. पण अर्जात कारण काय लिहिले, यावर ते अवलंबून राहते. दोन, छाटणीची नुकसानभरपाई. दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा सरासरी पगार हे कायद्याने ठरवलेले किमान माप. साठ हजार पगार आणि वीस वर्षे सेवा असलेल्या कुशल कामगाराची भरपाई अर्ध्या महिन्याच्या हिशेबाने सहा लाख होते. करमुक्तीची मर्यादा मात्र १ जानेवारी १९९७ रोजी ठरलेली पाच लाख रुपये! १९६१च्या कायद्याखाली ती पुढे वाढलीच नाही. म्हणजे कायद्याने ठरवलेली किमान भरपाईसुद्धा कायदाच करपात्र ठरवतो.

मग कार्यकर्त्याने काय करावे? नोटीस हाती पडताच कामगाराकडून मालकाला लेखी पत्र द्यावे: माझ्या सेवेचा अखेरचा दिवस अमुक, त्या दिवसापर्यंतचे उत्पन्न अमुक, त्यानुसार कराची फेरआकारणी करून उरलेल्या महिन्यांची कपात कमी करावी. आपल्या उदाहरणातील माणसाला जुलैअखेर नोटीस मिळाली असती आणि त्याने हे केले असते, तर ऑगस्ट-सप्टेंबरचे १६,२५० रुपये त्याच्या हाती राहिले असते.

अखेरच्या हिशेबात नोटिशीचा पगार, रजेचा पगार, ग्रॅच्युइटी आणि छाटणीची भरपाई या रकमा स्वतंत्र दाखवून घ्याव्यात. प्रत्येकीचा करनियम वेगळा आहे. सर्व एकत्र करून 'सानुग्रह' म्हणून दिल्या की करमुक्ती हातची जाते. 'राजीनामा लिहून द्या, पैसे लगेच देतो' असे जेथे सांगितले जाते, तेथे तर विशेष सावध राहावे. राजीनाम्याच्या कागदाने कामगार कायद्याचे संरक्षण जाते आणि छाटणीच्या भरपाईची करमुक्तीही जाते. एका सहीचे हे दुहेरी नुकसान आहे.

कर वाचवण्यासाठी वर्षारंभी जाहीर केलेली गुंतवणूक डोळे मिटून पुरी करू नये. जो कर लागणारच नाही, तो वाचवण्यासाठी बेकार माणसाने पंधरा वर्षांच्या खात्यात पैसे अडकवणे म्हणजे चुलीतले लाकूड काढून कोठारात ठेवण्यासारखे आहे. जुनी करप्रणाली निवडली असेल तर विवरणपत्र भरताना नवी फायद्याची पडते का, हेही पाहावे. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला तो बदल करता येतो. आणि वर्षाच्या आत दुसरी नोकरी लागली, तर पहिल्या पगाराची माहिती नव्या मालकाला अवश्य द्यावी. ती दडवली तर दोघेही करमुक्त मर्यादा धरतात, कपात कमी होते आणि वर्षअखेर व्याजासह भुर्दंड बसतो.

परंतु एकेका कामगाराच्या पत्राने हा प्रश्न सुटणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रमसंहिता लागू झाल्या आणि सरकारी परवानगीशिवाय छाटणी करता येण्याची मर्यादा शंभर कामगारांखालून तीनशे कामगारांखाली गेली. नोकरी घालवणे सोपे करणाऱ्या सरकारने, नोकरी गेलेल्याचे पैसे त्याला परत करणेही तितकेच सोपे केले पाहिजे. आपल्या मागण्या तीन असाव्यात. नोटीस मिळालेल्या नोकराने मागणी केल्यास कपातीची फेरआकारणी मालकावर बंधनकारक करावी; 'करू शकेल'च्या जागी 'करील' हा शब्द यावा. बेकार झालेल्याला जादा कापलेला कर त्याच आर्थिक वर्षात परत मिळावा. छाटणीच्या भरपाईवरील करमुक्तीची मर्यादा वाढवून ती महागाईशी जोडावी. युनियनच्या पुढच्या प्रत्येक करारात यांपैकी पहिली गोष्ट कलम म्हणून घालता येईल. त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. मालकाला ती मुभा कायद्याने आजच दिलेली आहे. ती वापरण्यास त्याला भाग पाडणे, हे आपले काम आहे.