‘रुग्ण उशिरा आणला’ – उशीर कोणाचा?

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

ऑडिट म्हटलं की आपल्याला पैशांचा हिशेब आठवतो. मेडिकल ऑडिट हा उपचारांचा हिशेब. आधी काय व्हायला हवं ते ठरवायचं. उदाहरणार्थ, बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मिळायला हवं. त्यामुळे अतिरक्तस्रावाचा धोका कमी होतो. मग केसपेपर काढून, किती जणींना ते वेळेवर मिळालं ते मोजायचं. कमी कुठे पडलो ते शोधून सुधारणा करायची आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजायचं. नेमकं हे शेवटचं काम राहून जातं. म्हणून कोणत्याही ऑडिटला पहिला प्रश्न विचारायचा – पुन्हा मोजलं का?

दुसरा प्रश्न – जे कागदावर नाही, ते कोणाला विचारलं?

मी एका रुग्णालयात समाजसेविका होते. एका बाळंतिणीच्या मृत्यूनंतर तिच्या कागदावर शेरा होता, ‘रुग्ण उशिरा आणला’. म्हणजे दोष घरच्यांचा! मी तिच्या सासूजवळ बसले तेव्हा वेगळंच कळलं. रक्त जायला लागल्यावर तासाभरात ती पहिल्या दवाखान्यात पोचली होती. तिथे डॉक्टर नव्हते. दुसऱ्या ठिकाणी रक्त नव्हतं. “चिठ्ठी देतो, गाडी तुमची तुम्ही बघा,” असं सांगितलं गेलं. आमच्या दारात ती आली तेव्हा पहाट झाली होती. ही सगळी रात्र त्या तीन शब्दांत पुसली गेली.

थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ साली तीन उशीर मांडले : दवाखान्यात जायचं ठरवण्यातला, तिथे पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. आपले कागद पहिला उशीर तेवढा लिहितात.

भारत सरकारच्या २०१० च्या माता-मृत्यू आढाव्याच्या सूचनांत रुग्णालयातल्या चौकशीबरोबरच घरी जाऊन माहिती घ्यायला सांगितलं आहे. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या आढाव्यात नातेवाइकांना बोलावण्याचीही सोय आहे. २०१७ मध्ये या सूचना सुधारल्या गेल्या. म्हणजे सासूचं म्हणणं ऐकून घेणं ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

काही डॉक्टर म्हणतात, “बाहेरच्यांना आत घेतलं तर सगळे घाबरतील आणि खोटं लिहितील.” ही भीती खरी आहे. आढावा शिक्षेसाठी नसतोच. त्यात नर्सचं, डॉक्टरांचं आणि त्या बाईचं नाव उघड होता कामा नये. पण नावं गुप्त ठेवायची म्हणून निष्कर्षही कुलपात का? रक्त नव्हतं, गाडी नव्हती, हे गावाला कळायलाच हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या भागात असा मृत्यू झाला तर तीन गोष्टी विचारा : घरी कोण येऊन गेलं? काय बदलायचं ठरलं? आणि ते बदललं की नाही हे कोणत्या तारखेला पाहणार? ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी सगळ्या मिळून जा.