उतरलेल्या पट्टीतलं गाणं

२४ जुलै २०२२ रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायिका जोनी मिचेल मंचावर आल्या. आधी जाहीर काहीच नव्हतं. वय ७८. २०१५ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या दुखण्यानं त्यांना असं आडवं केलं होतं की चालणंसुद्धा नव्यानं शिकावं लागलं. गिटारवर बोटं कुठे पडतात, हे त्यांनी स्वतःच्याच जुन्या चित्रफिती बघून पुन्हा शिकून घेतलं. त्या दिवशी त्यांनी ‘बोथ साइड्स नाऊ’ गायलं.

हे गाणं १९६७ चं. विमानात सॉल बेलोची कादंबरी वाचत असताना खिडकीतून ढग दिसले, आणि गाणं सुचलं. तेव्हा बाई होत्या २३ वर्षांच्या. ढग, मग प्रेम, मग आयुष्य अशी तीन कडवी. सगळं उलटसुलट पाहून झालं तरी हाती भ्रमच लागले, असा भाव. ते आधी गाजलं गायिका जुडी कॉलिन्स यांच्या आवाजात. जोनींनी स्वतः ते १९६९ च्या ‘क्लाउड्स’ या अल्बममध्ये गायलं. तार सप्तकात सहज फिरणारा, स्वच्छ आवाज. गोड आहे, पण मला त्यात थोडा आगाऊपणा ऐकू येतो. तेविशीत कसलं आलंय आयुष्याचं उलटसुलट?

पुढे वयानं आणि सिगारेटींनी पट्टी उतरत गेली. २००० मध्ये त्यांनी हेच गाणं मोठ्या वाद्यवृंदासह पुन्हा मुद्रित केलं, तेव्हाच आवाज खर्जात गेला होता. म्हणजे न्यूपोर्टला ऐकू आलं ते निव्वळ आजारपणाचं देणं नव्हे.

तिथे बाई खुर्चीत बसलेल्या, डोक्यावर बेरे टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी गायिका ब्रँडी कार्लाइल, मागे गायिका वायनोना जड, ती डोळे पुसतेय. आता गळ्याकडे लक्ष द्या. वरच्या स्वरांच्या वाटेला त्या जातच नाहीत. ओळ लयीच्या किंचित मागून उचलतात, बोलल्यासारखी टाकतात, श्वासाला हवी तेवढी जागा घेतात. शब्द कुठे सोडायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. गाणं संपताना तर चक्क हसतात!

लोक रडले ते त्यांच्या धैर्यासाठी, असं बरंच लिहिलं गेलं. धैर्य होतंच, पण टाळी दयेपोटी देऊ नये. ही एका जाणत्या गायिकेची गायकी होती, आणि माझ्या मते १९६९ पेक्षा सरस.

न्यूपोर्टच्या या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला २०२४ मध्ये लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. त्याच सोहळ्यात, ८० व्या वर्षी, बाई ग्रॅमीच्या मंचावर पहिल्यांदाच गायल्या, आणि गायल्या तेही हेच गाणं. घरी गेल्यावर १९६९, २००० आणि २०२२ अशी तिन्ही मुद्रणं याच क्रमानं ऐका. निदान पहिल्या खेपेला तरी पडद्याकडे बघू नका.