न्यूमोनिया आणि सी. टी. स्कॅन : सावलीचा अर्थ
(वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक व्याख्यान)



आरोग्यावर काही बोलावे, अशी सूचना कार्यकारिणीने केली तेव्हा मधुमेह आणि रक्तदाब हे नेहमीचे विषय आम्ही मुद्दाम बाजूला ठेवले. अलीकडे आपल्या घरांतून दोन प्रश्न वारंवार कानी येतात. पहिला, "न्यूमोनिया आहे म्हणतात, मग येथले डॉक्टर सी. टी. स्कॅन का करीत नाहीत?" दुसरा भारतातून फोनवर येतो, "स्कॅन केला, त्यात डाग निघाला, आता काय करायचे?" आज या दोन प्रश्नांविषयीच बोलावयाचे आहे.

हे यंत्र जन्मले ते आपण राहतो त्या ब्रिटनमध्येच. लंडनच्या पश्चिमेस, आपल्या ओळखीच्या साउथॉलशेजारी, हेज नावाचे उपनगर आहे. तेथील ई. एम. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ते घडविले. नॉटिंगहॅमशायरमधील शेतावर वाढलेल्या या माणसाजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. होती ती विद्युत अभियांत्रिकीची पदविका आणि महायुद्धाच्या काळात हवाई दलात मिळविलेले रडारचे ज्ञान. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र या यंत्राने घेतले. १९७९ साली हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पदव्यांची उतरंड मोजण्याची सवय असलेल्या आपल्या समाजातील तरुणांनी हे चरित्र जरूर वाचावे, असे आम्हांस वाटते; पण तो वेगळा विषय झाला.

साधा एक्स-रे आणि सी. टी. यांत फरक काय? घडी घातलेले लुगडे उजेडासमोर धरले तर डाग दिसतो, परंतु तो कोणत्या घडीवर आहे हे कळत नाही. एक्स-रेचे तसेच आहे. बरगड्या, हृदय, फुप्फुस या सर्वांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. सी. टी.मध्ये क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक गणिताच्या आधारे एकेक घडी उलगडून दाखवितो. आरंभी एका कापाच्या चित्राला काही मिनिटे लागत. श्वासाबरोबर हलणाऱ्या छातीसाठी ते उपयोगाचे नव्हते. आज संपूर्ण छातीचे चित्र एका रोखून धरलेल्या श्वासात पुरे होते. घनता मोजण्याच्या एककास हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. त्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे १०००. निरोगी फुप्फुस बव्हंशी हवेने भरलेले असल्याने हवेच्या बाजूला असते. न्यूमोनियात वायुकोशांत द्रव आणि पू साठतो, तो भाग पाण्याच्या बाजूला सरकतो आणि पांढरा दिसू लागतो.

तथापि न्यूमोनियाचे निदान बहुतेक वेळा या यंत्राविना होते. ताप, खोकला, धाप, छातीत टोचणे, स्टेथोस्कोपने ऐकू येणारी कुरकुर आणि गरज पडल्यास एक साधा एक्स-रे एवढे पुरते. आजार किती गंभीर आहे हे ठरविताना येथील रुग्णालये पाच गोष्टी पाहतात : रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलतो काय, रक्तातील युरिया वाढला आहे काय, श्वास मिनिटाला ३० किंवा अधिक आहे काय, रक्तदाब उतरला आहे काय आणि वय ६५ किंवा अधिक आहे काय. या पाचांपैकी एकाही गोष्टीसाठी स्कॅन लागत नाही. लहान मुलांत तर घड्याळ हेच मोठे साधन होय. खोकणाऱ्या एक ते पाच वर्षांच्या बालकाचा श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक, आणि दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा ५० किंवा अधिक असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष प्रत्येक आईने ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

मग सी. टी. कोणासाठी? एक्स-रे चुकतो, हे मान्यच केले पाहिजे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका अभ्यासात न्यूमोनियाचा संशय असलेल्या ३१९ रुग्णांचा एक्स-रेपाठोपाठ सी. टी. काढण्यात आला. एक्स-रे स्वच्छ असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत सी. टी.ने डाग दाखविला. उलट एक्स-रेवर डाग असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांत न्यूमोनियाच नाही, असे ठरले. यावरून प्रत्येकाचा स्कॅन करावा, असे मात्र निघत नाही. ज्याला योग्य प्रतिजैविके चालू आहेत आणि ज्याचा ताप उतरला आहे, त्याच्या बाबतीत चित्र काहीही बोलले तरी उपचार सहसा तोच राहतो. औषध चालू असूनही ताप हटत नसेल, त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल, गाठीने श्वासनलिका अडविल्याचा संशय असेल, फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली असावी असे वाटत असेल, किंवा केमोथेरपी वा अवयवरोपणामुळे प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर सी. टी. टाळणे हीच हेळसांड ठरते.

कोरोनाच्या साथीत, विशेषतः २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, याच्या उलट प्रकार आपण सर्वांनी अनुभवला. नागपूर, औरंगाबाद, मुंबईहून व्हॉट्सॲपवर स्कॅनचे अहवाल येत आणि आपण येथे मध्यरात्री ते उघडून पाहत असू. "स्कोअर नऊ आला," एवढ्या एका वाक्याने घरातील माणसे हवालदिल होत. हा स्कोअर म्हणजे काय? उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन असे पाच खंड, प्रत्येकाला व्याप्तीनुसार शून्य ते पाच गुण, एकूण २५. फुप्फुसाचा किती भाग व्यापला एवढेच तो सांगतो. रुग्णाच्या रक्तात प्राणवायू किती आहे, हे बोटाला लावायचे छोटे यंत्र सांगते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्येच या स्कॅनचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये असे बांधून दिले होते. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात असे स्कॅन करू नयेत, असे जाहीरपणे सांगितले. एका स्कॅनची त्यांनी ३०० ते ४०० एक्स-रेंशी केलेली तुलना भारतातील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने अमान्य केली. नव्या यंत्रांत मात्रा पुष्कळ कमी असते, असे तिचे म्हणणे होते. येथील सरकारी तक्त्यात छातीच्या एक्स-रेची मात्रा ०.०१४ मिलिसिव्हर्ट आणि छातीच्या सी. टी.ची ६.६ मिलिसिव्हर्ट दिलेली आहे. या देशात माणसाला वर्षाकाठी सरासरी २.७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग असाही मिळतच असतो. तेव्हा एका आवश्यक स्कॅनला भिऊ नये. परंतु केवळ मनाच्या समाधानासाठी, त्यातही मुलांचा, तो करवून घेऊ नये.

उपचारातही सी. टी.चा हात लागतो. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पू साठला तर निव्वळ औषधाने तो सहसा जात नाही. पू कप्प्याकप्प्यांत अडकलेला असेल तेव्हा नेमक्या कोणत्या फटीतून नळी घालावी, हे सी. टी. दाखविते. संशयित गाठीचा सुईने तुकडा घेतानाही तेच. मात्र डाग कोणत्या जंतूचा, हे सी. टी. खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी थुंकी आणि रक्त तपासावे लागते.

आता जे सांगण्यासाठी आम्ही मुख्यतः उभे आहोत, ते सांगतो. स्कॅनला आकार दिसतो, इतिहास दिसत नाही. फुप्फुसाच्या वरच्या भागातील जुना व्रण, चुन्यासारखा कडक झालेला ठिपका, हा तीस वर्षांपूर्वी बरा झालेल्या क्षयाचा असू शकतो. रुग्णाने ते सांगितले नाही, तर डॉक्टरला गाठीचा संशय येतो आणि तपासण्यांची मालिका सुरू होते. उलटही घडते. न्यूमोनिया समजून औषधे चालू राहतात आणि क्षय आत वाढत जातो. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील गिरणीच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत, एका खोलीत आठ-दहा माणसे, असे राहिले. त्या घरांत क्षय होता, आणि तो लपविला जाई. मुलीचे लग्न मोडेल, शेजारी पाणी घेणार नाहीत, ही भीती होती. अस्पृश्यता भोगलेल्या घरांना ही दुसरी शिवाशिव नकोशी होती, हे आम्ही समजू शकतो. परंतु येथील रुग्णालयात ती लपवाछपवी आजीच्या जिवावर बेतू शकते. क्षयाचा उपचार या देशात सर्वांसाठी मोफत आहे. आजीला इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागावा. तोही मोफत मिळतो. नातवाला मध्ये घालू नये, कारण नातवासमोर आजी ही गोष्ट बोलणारच नाही.

मधुमेहाची गोळी, मूत्रपिंडाचा विकार, ॲलर्जी किंवा गरोदरपण असल्यास स्कॅनपूर्वी सांगावे. आणि जुने एक्स-रे जपावेत. दहा वर्षांपूर्वीच्या चित्रात तोच डाग तसाच असेल, तर डॉक्टरची अर्धी शंका तेथेच मिटते. गावाकडे कपाटावर ठेवलेली ती पिवळी पडलेली मोठी पाकिटे पुढच्या खेपेस सामानात घालून अवश्य आणावीत. पापड-लोणच्यांना थोडी जागा कमी झाली तरी चालेल.