‘बरं आहे’ म्हणजे नेमकं कसं आहे?

मी डब्लिनच्या दक्षिण टोकाकडून, चेरीवूडहून बोलतोय. लुआस ट्रामच्या हिरव्या मार्गावरचं शेवटचं स्थानक ब्राइड्स ग्लेन, त्याच्या एक अलीकडचं आमचं. मी पेशानं आयटी सल्लागार, आणि एमबीएही केलेलं. त्यामुळे ‘कम्युनिकेशन’ या विषयावरच्या स्लाइड्स बघण्यात आणि इतरांना दाखवण्यात बरीच वर्षं गेली. आज ऑफिस बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते घरातल्या एकाच वाक्याबद्दल. आपण दर आठवड्याला ते ऐकतो : "आम्ही बरे आहोत, तुम्ही काळजी करू नका."

आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना या वाक्याचा इथला भाऊ ठाऊक असेल. इथल्या माणसाला कसं चाललंय विचारलं, की तो म्हणतो, ‘ग्रँड’. पगार वाढला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. आपलं ‘बरं आहे’ अगदी तसंच. शब्द एक, अर्थ दहा. खरा अर्थ कळतो तो आवाजाच्या चढउतारावरून, मधल्या थांबण्यावरून, चेहऱ्यावरून. आणि आपण तर समोर नसतो. मध्ये असतो फोन. म्हणून प्रश्न असा, की हा फोन त्या ‘बरं आहे’मधलं नेमकं काय आपल्यापर्यंत पोचवतो, आणि काय वाटेत गाळून टाकतो?

आधी एका आकड्याचा हिशेब करू. मॅनेजमेंटच्या वर्गात बसलेल्यांनी तो नक्की ऐकलेला आहे : संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के. हे आकडे आले अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून. त्या प्रयोगांत भाषणं नव्हती, गप्पा नव्हत्या. एकेकटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, आणि एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले होते. बोलणाऱ्याच्या भावना काय आहेत, एवढंच ओळखायचं होतं. म्हणजे हे आकडे सगळ्या संवादाला लागू नाहीत, आणि हे मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलंय. ते तसे लागू असते, तर या रेडिओवर देहबोली दिसत नसल्यामुळे माझं निम्म्याहून जास्त बोलणं तुम्हाला कळलंच नसतं!

पण त्या प्रयोगांतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच, असं झालं की माणूस भावनेच्या बाबतीत सुरावर आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. आईचं ‘बरं आहे’ बऱ्याचदा नेमकं याच जातीचं असतं.

न बोलता सांगणं आपल्याला नवीन नाही. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं असलं, की पाकीट उघडण्याआधीच घरात हसू यायचं. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं, की वाचण्याआधीच धस्स व्हायचं. ‘तार आलीय’ एवढ्या दोन शब्दांवर शेजारीपाजारी जमायचे. त्या तारखात्यानंही शुभेच्छांची ठराविक वाक्यं तयार ठेवली होती. प्रत्येकाला क्रमांक असे, आपण फक्त क्रमांक सांगायचा. आजच्या इमोजीचे हे आजोबाच म्हणा ना. भारतातली ती तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. आणि मिस्ड कॉल तर आपण सगळ्यांनी दिलाय. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन रिंगा म्हणजे ‘खाली ये’. ना शब्द, ना पैसा.

या सगळ्यात एक गंमत होती. पाठवणारा आणि घेणारा, दोघांनाही खुणेचा अर्थ आधीच ठाऊक होता. परदेशात आल्यावर तंत्रज्ञान बदललं, पण खुणांचे अर्थ काही आपण नव्यानं ठरवून घेतले नाहीत.

आता फोनच्या आत काय होतं ते बघू. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. जुनी टेलिफोन लाइन त्यातले फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झ पुढे पाठवायची. शब्द कळायला तेवढं पुरतं. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ या अक्षरांतला बराचसा सळसळता भाग त्याच्या वर असतो, म्हणून जुन्या फोनवर नाव सांगताना स्पेलिंग फोडून सांगावं लागायचं. इंटरनेटवरचे कॉल याहून जास्त पट्टा पाठवतात, त्यामुळे आवाज पुष्कळ जिवंत वाटतो. ही चांगली बाजू.

दुसरी बाजू उशिराची. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पा तपासल्या होत्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरीनं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघालं. इतक्या पटकन आपण एकमेकांना उत्तर देतो. भारतातून इथे आवाज यायला वेळ लागतोच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर तो सहसा जाणवत नाही. नेट ढिलं असलं की तो वाढतो. मग तुम्ही विचारता, "आई, दिवाळीला आम्ही आलो तर चालेल ना?" आणि पलीकडे क्षणभर शांतता. आई लगेच ‘हो’ म्हणालेली असते, पण तिचा ‘हो’ वाटेत अडकलेला असतो. तुम्हाला मात्र वाटतं, ती अडखळली. तेच उलटंही होतं : आपण तुटक बोलतोय असं तिला वाटतं.

तिसरी बाजू हुंकाराची. गोष्ट सांगताना आजी म्हणायची, "हुंकार दे रे, नाहीतर मला कळणार कसं जागा आहेस ते." आपलं मराठी बोलणं हुंकारावर चालतं. ‘हं’, ‘हो का’, ‘अगंबाई’, ‘मग?’ आता फोन स्पीकरवर ठेवला, की आवाजाचा प्रतिध्वनी होऊ नये म्हणून सॉफ्टवेअर एका वेळी एकच बाजू मोठी ठेवतं आणि दुसरी दाबतं. दबते ती मध्येच आलेली बारीक बाजू, म्हणजे हुंकार. वडील दहा मिनिटं सोसायटीच्या मीटिंगची हकिगत सांगतात, आपण मनापासून ‘हं, हं’ करतो, आणि ते थांबून विचारतात, "आहेस का?"

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्हिडिओ कॉलची बरीच ॲप्स मागचा ‘नको असलेला’ आवाज काढून टाकतात. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची रहदारी. ऑफिसच्या मीटिंगसाठी उत्तम. पण घराची खबर त्याच आवाजात असते. कुकरची शिटी ऐकू आली की कळतं, स्वयंपाक नेहमीच्या वेळेला चाललाय. टीव्हीवर मालिका लागलीय, शेजारच्या काकू आल्यात, भांडी घासायला बाई आलीय, म्हणजे घर नेहमीसारखं आहे. यंत्राच्या लेखी हा कचरा. आपल्या लेखी तीच खुशाली.

कॅमेऱ्याचंही असंच आहे. तो चेहरा दाखवतो, पण हात दाखवत नाही, चाल दाखवत नाही. म्हाताऱ्या माणसाची तब्येत चेहऱ्याआधी चालण्यात आणि हातात दिसते. उठताना खुर्चीचा आधार किती घ्यावा लागतो, कप उचलताना हात थरथरतो का, हे चौकटीच्या बाहेर राहतं. शिवाय कॉल येणार म्हणून केस विंचरून, उजेडात बसूनच आईवडील समोर येतात. त्यात लपवाछपवी नसते. लेकरांना घोर लागू नये, एवढंच असतं.

आता लिखाणातल्या खुणा. हात जोडलेल्या इमोजीचंच बघा. २०१० साली युनिकोडनं इमोजींना जागतिक क्रमांक दिले, त्यात हीसुद्धा आली. आयरिश सहकारी ती पाठवतो तेव्हा त्याला ‘प्लीज’ म्हणायचं असतं, ‘थँक्स’ म्हणायचं असतं, नाहीतर ‘प्रार्थना करतो’. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर तीच नमस्कार असते, आभार असते आणि भावपूर्ण श्रद्धांजलीही असते. अंगठ्याची गोष्ट तर आणखी मजेची. मराठीत ‘अंगठा दाखवणं’ म्हणजे फसवणं. आज काका अंगठा पाठवतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, ‘वाचलं, मान्य’. आणि आपल्या घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला तोच अंगठा ‘बरं बरं, पुरे आता’ असा कोरडा वाटू शकतो. चूक कोणाचीच नाही. कोश वेगवेगळे आहेत.

निळ्या खुणांचंही तसंच. नोव्हेंबर २०१४मध्ये व्हॉट्सॲपनं संदेश वाचल्याची निळी खूण आणली आणि गप्प राहण्यालाही अर्थ चिकटला. ‘वाचलं, पण उत्तर नाही.’ त्यात आपलं घड्याळ. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. हिवाळ्यात इथे संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटतो, तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. उत्तर न येण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

मुलांबद्दलही थोडं. इथे वाढणारी आपली मुलं मराठी शब्द शिकतात, पण शब्दांच्या मधलं मराठी कुठलंही ॲप शिकवत नाही. वर जाणारं ‘हं?’ म्हणजे ‘काय म्हणालास?’, खाली येणारं ‘हं’ म्हणजे ‘कळलं’, आणि ‘अंहं’ म्हणजे ‘नाही’. जीभ टाळ्याला लावून केलेलं ‘च्च’ म्हणजे कधी ‘अरेरे’, तर कधी ‘छे’. आजोबा मान डावीउजवीकडे डोलावतात, ते ‘हो’ असतं की ‘बघू’, हे मुलांना कळत नाही. उलट इथल्या खुणा त्यांना सहज येतात : बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्स’, गावाकडच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीला स्टिअरिंगवरून उचललेलं एक बोट, आणि फोन ठेवताना ‘बाय बाय बाय बाय’. आजीला तो ‘बाय’चा पाऊस ऐकून वाटतं, नातवाला फोन ठेवायची घाई झालीय. तिला सांगा, इथे ती प्रेमाची रीत आहे. आणि नातवाला सांगा, आजीचं ‘ठेवते हं’ तीनदा येतं, खरा फोन चौथ्यांदा ठेवला जातो.

मग करायचं काय? काही साध्या गोष्टी सुचवतो. एकही पैसा लागत नाही.

पहिली : अवेळी फोन केला, तर ‘हॅलो’च्या आधी ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचं, असं दोन्ही घरांनी ठरवून टाका. परदेशात राहणाऱ्यांसाठी पहाटे तीनचा भारतातला फोन म्हणजे आजची तार. ती पहिली दोन सेकंदं फार जड असतात.

दुसरी : ‘कसे आहात?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘बरे’ हेच येणार. ‘आज फिरायला कुठपर्यंत गेलात?’, ‘भाजी कोणती केली?’, ‘रात्री किती वेळा उठावं लागलं?’ असं विचारा. ज्याचं उत्तर एका शब्दात संपत नाही, त्यात सूरही येतो आणि खबरही.

तिसरी : कधीतरी म्हणा, "आई, तुळस दाखव ना. बाबा, गॅलरीतला मोगरा फुलला का?" फोन हातात घेऊन ते चालतील. चाल दिसेल, हात दिसतील, घर दिसेल. तपासणी वाटणार नाही, गप्पाच वाटतील.

चौथी : ॲपच्या सेटिंगमध्ये मागचा आवाज काढून टाकण्याची सोय बंद करता येत असेल, तर घरच्या कॉलपुरती बंद ठेवा. आणि जिथे टायपिंग जमत नाही, तिथे व्हॉइस मेसेज चालू द्या. मुलांनाही आजीला मराठीत बोलूनच पाठवायला सांगा. त्यात शब्द मोडके असले तरी सूर शाबूत असतो, आणि आजी तो पुन्हा पुन्हा ऐकू शकते.

पाचवी : हुंकार दिसू द्या. फोनवर मान डोलावणं पोचत नाही. बोलणं जरा थांबलं की मोठ्यानं म्हणा, ‘हो बाबा, ऐकतोय’. आणि बोलताना अधूनमधून स्क्रीनवरच्या चेहऱ्याऐवजी वरच्या कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघा. आपल्याला तिथे काहीच दिसत नाही, पण पलीकडे आईला मात्र वाटतं, लेकरू माझ्या डोळ्यांत बघतंय.

यंत्र प्रामाणिक असतं, पण आवाज कुठला आणि गोंगाट कुठला, हे त्यानं एखाद्या मीटिंगच्या हिशेबानं ठरवलेलं असतं. आपल्या घरासाठी ते आपणच ठरवायला हवं. या आठवड्यात घरी फोन कराल, तेव्हा ‘बरं आहे’ नंतर लगेच पुढचा विषय काढू नका. दोन सेकंद थांबा. बऱ्याचदा खरं बोलणं त्याच्या पुढे सुरू होतं.

ऐकलंत, हुंकार दिलात असं मी धरून चालतो.